मुकी पुडी

आषाढी एकादशी चार दिवसांवर आली आणि माझ्या तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, टर्रकन फाटली. खरं तर मीच फाडली. पावसाळी हवेनं उतरलेला तबला 'अजून थोडा चढेल, अजून थोडा' म्हणत मी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हातोडी मारत बसलो होतो. "झालं समाधान?" एवढंच स्वयंपाकघरातून ऐकू आलं.

पुडी घेण्यातली खरी मेख म्हणजे ती वाजवून बघता येत नाही. कलिंगड ठोकून घेता येतं, नारळ कानाशी हलवता येतो. पुडी मात्र लाकडी खोडावर चढून चामड्याच्या वाद्या ताणल्याशिवाय तोंड उघडत नाही.

"तोंड केवढं?" पुडी घ्यायला गेलो तेव्हा कारागीर चाचांनी विचारलं.

मी दचकलो, मग म्हणालो, "सव्वापाच इंच. काळी एक." काळी एक म्हणजे पेटीवरची पहिली काळी; तीच माझ्या तबल्याची पट्टी, म्हणजे सूर.

त्यांनी पाच-सहा पुड्या पुढ्यात टाकल्या. एक जाड कातड्याची: वर्षानुवर्षं फाटणार नाही, पण 'ना'चा बोल मारला की शेजारी दार उघडून बघतील कोण आलंय. दुसरी पातळ. आस लांब, म्हणजे नाद घुमत राहणारा, आवाज गोड, पण माझ्या हातोडीपुढे तिचा काय टिकाव? तिसरीवर शाईचा, म्हणजे मधल्या काळ्या गोलाचा, थर जाड. शाई जड तितका सूर खाली, म्हणून तीही बाद. आता आपलंही ज्ञान दिसावं म्हणून मी चौथी उजेडात धरली, शाईवर नखानं टकटक केलं आणि म्हणालो, "ही तडकलीय."

चाचांनी हातातला घोटायचा दगड खाली ठेवला. "साहेब, त्या भेगा आम्ही पाडतो. थरावर थर द्यायचा, दगडानं घासायचा, तेव्हा पडतात. भेगा नसतील तर शाई हलणार कशी? ते डांबर झालं."

अब्रू सावरायला मी विज्ञानाकडे वळलो. नुसत्या कातड्यातून निघणारे सूर एकमेकांशी जुळत नाहीत; मधे शाईचं वजन आलं की ते सुरेल पटीत बसतात, हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच 'नेचर'मध्ये मांडलं होतं. सगळं सांगून टाकलं.

"असेल," चाचा म्हणाले. "त्यांची पट्टी कुठली?"

शेवटी ती तडकलेलीच घेतली. दुसऱ्या दिवशी तबला हातात आला. वाद्यांमधली सोळाही घरं एका सुरात, कडेच्या चाटेवर बोट पडलं की 'ना' कसा टणटणीत! एकादशीपर्यंत मी त्याला दुलईत गुंडाळून ठेवला. घरातल्या कुणालाही सर्दी झाली तरी एवढी काळजी घेतली नसती, हेही स्वयंपाकघरातून ऐकू आलं.

एकादशीला भजनाला बसलो. तबला काळी एकला चोख लावला. भजन गाणाऱ्या अण्णांनी पेटी ओढली, खाकरले आणि माझ्याकडे वळले.

"अरे, घसा बसलाय रे. आज पांढरी सात घे."

मी गजऱ्याला खालून ठोके देत पुडी उतरवू लागलो. पांढरी सात येईपर्यंत ती ओल्या पापडासारखी सैल पडली. 'ना' मारला. बद्द.

"पुडी नवीन ना रे?" अण्णांनी विचारलं.