‘परवडत नसेल तर घेऊ नये’: एका प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या आणि आजच्या प्रीमियम गाड्यांपैकी भरवशाच्या कुठल्या, या माझ्या मागच्या लेखाखाली एका वाचकाने प्रतिक्रिया दिली आहे. दोन ओळींत उत्तर देऊन विषय मिटवता आला असता, पण प्रतिक्रिया तशी नाही. सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको, म्हणून आधी ती पूर्ण देतो:

“काका, लेख म्हणजे निव्वळ ‘आमच्या वेळी’ आहे. जुन्या गाड्या टिकाऊ वाटतात कारण ज्या टिकल्या त्याच आज दिसतात, बाकीच्या कधीच भंगारात गेल्या. कसारा घाटात बॉनेट उघडून पाण्याचे कॅन ओतत लोक उभे असायचे, ते विसरलात का? नव्वदीतल्या मर्सिडीजचं वायरिंग आपोआप झडायचं, त्यावर एक शब्द नाही. जगभरचे सर्व्हे सांगतात गाड्या सुधारल्या. आजच्या गाडीला पंधरा हजार किलोमीटर हात लावावा लागत नाही. प्रीमियम गाडी परवडत नसेल तर घेऊ नये, पण ज्यांना परवडते त्यांच्या गाडीला नावं ठेवू नयेत.”

शेवटून सुरुवात करतो. माझ्या लेखात ऐपतीचा विषय कुठेही नव्हता. पुन्हा वाचा, सापडला तर दाखवा. मी लिहिलं होतं ते एवढंच, की पहिली पाच वर्षं गाडी कशी चालते यावरून तिचा भरवसा ठरवू नका. दहा-पंधरा वर्षांनी ती नाशिकमध्ये, नाशिकच्या माणसांच्या हातून दुरुस्त होते का ते बघा. यावर तुमचं म्हणणं मांडा, ऐकून घेईन. पण मुद्दा बाजूला ठेवून समोरच्याचा खिसा तपासायला निघालात, तर ती चर्चा राहत नाही. ‘काका’ म्हणून सुरुवात करायची आणि शेवटी ऐपत काढायची, ही कुठली रीत? नाशिकमध्ये गेल्या काही वर्षांत भारी गाड्या वाढल्या, कुणाच्या द्राक्षाच्या पैशातून, कुणाच्या जमिनीच्या, कुणाच्या नोकरीच्या. ज्याने कष्टाने घेतली त्याच्या गाडीकडे मी कधी वाकड्या नजरेने बघितलेलं नाही. माझ्या दारातही अशी एक गाडी होती. तिच्याबद्दल पुढे लिहितोच.

मी कोण हेही सांगून टाकतो, कारण तुमच्या सुरात ‘तुम्हाला यातलं काय कळतं’ हे न लिहिताही लिहिलेलं आहे. आमचं घर सातपूरचं. वडील एमआयडीसीत टर्नर होते. मायको सर्कलला ज्या कंपनीमुळे ते नाव पडलं ती कंपनी, आजची बॉश, आमच्या नाशिकमध्ये डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा सोडणारी नोझल आणि इंजेक्टर बनवते, आणि त्या धंद्याच्या आजूबाजूला इथे कितीतरी घरं उभी राहिली. मी कंपनीत नव्हतो. पंप-नोझल दुरुस्तीच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली. गाडीबद्दल मी जे बोलतो ते त्या टेबलावर हात काळे करून बोलतो.

आता तुमचं ते एक वाक्य. “पंधरा हजार किलोमीटर हात लावावा लागत नाही.” तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत उत्तर देण्यासारखं काही असेल तर ते हे, कारण गोंधळ सगळा इथेच आहे. हात लावावा लागत नाही आणि हात लावता येत नाही, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

माझ्याकडे डब्ल्यू-१२४ आहे, ई-२५० डिझेल. मर्सिडीजने १९९५ मध्ये पुण्यात, टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडायला सुरुवात केली ती ही गाडी. पाच सिलिंडरचं प्री-चेंबर इंजिन, म्हणजे डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं ते, आणि साधा यांत्रिक इनलाइन पंप. तिचं नोझल सव्वाशे बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास उघडतं. ते तपासायचं कसं? पाने घेऊन नोझल बाहेर काढायचं, टेस्टरला लावायचं आणि दांडा हाताने खाली दाबायचा. नोझल ठीक असेल तर कर्रर्र वाजत डिझेलचं बारीक धुकं सुटतं आणि दांडा सोडताच टोक कोरडं राहतं. टोकाला थेंब लोंबला की समजायचं, बसक गेली. प्रेशर कमी दाखवत असेल तर आत थोडी जाड शिम, म्हणजे धातूची चकती, टाकायची. नवीन वॉशर घालून परत बसवायचं आणि गाडी चालू करायची. संगणक नाही, कोड नाही, कुणाची परवानगी नाही. सिन्नरच्या पंप-नोझलवाल्यालाही हे जमतं, मालेगावच्याही.

आजच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या यंत्रणेत, प्रेशर २००० बार आणि त्याच्याही वर जातं. ते तंत्रज्ञान थोर आहे, यात शंका नाही. गाडीचा आवाज, ॲव्हरेज, धूर, सगळ्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला. पण सुई आणि तिच्या घरातली फट काही मायक्रॉनची. डिझेलमध्ये थोडं पाणी, थोडा कचरा आला की इंजेक्टर गेला. त्यातून तो पिएझो, म्हणजे विजेने प्रसरण पावणाऱ्या स्फटिकावर चालणारा, असेल तर बहुतेक ठिकाणी दुरुस्त करतच नाहीत, नवीन घ्या म्हणतात. नवीन बसवल्यावर त्याचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या संगणकात, भरावा लागतो. म्हणजे पाना आला, स्कॅनर आला आणि त्या स्कॅनरचं लायसन्सही आलं. माझ्यासारख्या माणसाने, ज्याने आयुष्यभर नोझलं दुरुस्त केली, त्याने स्वतःच्या गाडीसमोर हात बांधून उभं राहायचं. तुम्ही याला प्रगती म्हणा. मी भरवसा म्हणणार नाही.

बरं, त्या पंधरा हजारांचं काय? नाशिकमधल्या प्रीमियम गाडीचा दिवस कसा जातो ते बघा. गंगापूर रोडवरून निघायचं, कॉलेज रोडला मुलांना क्लासला सोडायचं, तिथून सातपूर नाहीतर अंबड, संध्याकाळी परत. इंजिन नीट तापतं न तापतं तोच बंद. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले, डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारा फिल्टर, आला. तो काजळी धरून ठेवतो आणि ती जाळायला आतलं तापमान ६०० अंशांच्या घरात जावं लागतं. त्यासाठी थोडा वेळ सलग, मोकळी धाव हवी. समृद्धीवर मिळते, कॉलेज रोडला मिळत नाही. काजळी जाळायला म्हणून बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्येच जादा डिझेल सोडतात. मध्येच गाडी बंद केलीत की ते काम अर्धवट राहतं आणि त्यातलं काही डिझेल खाली चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरतं. असं रोज होत गेलं की ऑइल पातळ होतं. अशा गाडीत पंधरा हजार किलोमीटर तेच ऑइल ठेवणं म्हणजे बेअरिंग आणि टर्बोच्या जिवावर उठणं. वॉरंटीत काही कळणार नाही. कळेल ते दुसऱ्या मालकाला.

आणखी एक. बीएमडब्ल्यूच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल वर्षानुवर्षं ‘लाइफटाइम’ म्हणून सांगितलं गेलं. तो गिअरबॉक्स ज्यांनी बनवला ते झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला म्हणतात. आता सांगा, बनवणाऱ्याचं ऐकायचं की विकणाऱ्याचं? हात लावू नका सांगितलं की पहिल्या मालकाचा खर्च कमी दिसतो. पहिला मालक चार-पाच वर्षांत गाडी काढतो आणि तुमच्यासारखा खुशीत प्रतिक्रिया लिहितो.

आता माझी दुसरी गाडी. मोठ्या कंपनीची सेडान, नाव घेणार नाही, कारण एका गाडीवरून कंपनीला झोडपणं मला पटत नाही. वॉरंटी संपून फार दिवस झाले नव्हते. मुंबईहून येताना घाट चढून आलो आणि घोटीच्या जवळ टेम्परेचरचा लाल दिवा लागला. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळत होतं. उचलून नाशिकला आणली. गळती कुठून? इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेल्या प्लास्टिकच्या एका फ्लँजमधून, म्हणजे पाइप जोडायच्या तुकड्यातून. मी तो हातात घेतला आणि बोटांनी दाबला, खाऱ्या बिस्किटासारखा तुकडा पडला. उष्णतेने प्लास्टिक पार शिजलेलं. वस्तू तळहातावर मावणारी, पण तिथवर पोचायला अर्धं इंजिन उकलावं लागलं आणि तो फ्लँज सुटा मिळेना, पाइपांसकट अख्खा संच घ्या म्हणाले. संच येईपर्यंत गाडी तिथेच उभी. त्या सगळ्या दिवसांत घरातल्यांची ने-आण कुणी केली? डब्ल्यू-१२४ ने. तिचाही रेडिएटर एकदा गळला होता. नाशिकच्याच द्वारका भागातल्या गॅरेजवाल्या उस्तादांनी तो दुसऱ्या दिवशी बदलून दिला होता.

ही एका माणसाची गोष्ट झाली, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण दहा वर्षांच्या प्रीमियम गाड्या घेऊन द्वारकेला, अंबडला गॅरेजवाल्यांकडे जो जाऊन बसतो त्याला विचारा. बॅटरी बदलायची तर कित्येक गाड्यांत ती संगणकावर नोंदवावी लागते. ऑडीसारख्या गाड्यांत काही मॉड्यूल जुन्या गाडीतून काढून दुसरीत घातले तर कॉम्पोनंट प्रोटेक्शन नावाचं कंपनीचं कुलूप आडवं येतं, कंपनीच्या ऑनलाइन यंत्रणेतून सोडवल्याशिवाय ते धड चालत नाहीत. मग कुर्ल्याहून चांगला सेकंड-हँड पार्ट आणला तरी उपयोग काय? हेडलाइटमधला एलईडी गेला तर बहुतेक वेळा पूर्ण दिवा बदलायचा, बिल लाखाच्या भाषेत. समोरची काच बदलली तर तिच्या आत बसवलेल्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन वेगळं. माझ्या जुन्या गाडीचा बल्ब मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बदलतो.

कंपन्यांनाही हे उमगलेलं आहे. मर्सिडीजने ई-क्लासमध्ये एसबीसी नावाचे इलेक्ट्रो-हायड्रॉलिक, म्हणजे संगणकाच्या इशाऱ्यावर लागणारे, ब्रेक आणले. २००४ मध्ये त्या ब्रेकपायी सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, पुढच्या वर्षी आणखी मोठी मोहीम निघाली आणि २००६ च्या सुधारित ई-क्लासमधून ती यंत्रणाच काढून टाकली. साधी गोष्ट अवघड करून ठेवली की काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मी कुठून आणू?

बाकीच्या मुद्द्यांवर फार शाई खर्च करत नाही. वायरिंगचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. १९९२ ते ९५ च्या सुमाराच्या मर्सिडीजमध्ये वायरवरचं आवरण पर्यावरणपूरक करायला गेले आणि ते काही वर्षांत ठिसूळ होऊन झडायला लागलं. हा मुद्दा तुमचा, मान्य. मात्र ती हार्नेस, म्हणजे वायरिंगची अख्खी जुडी, एकदा नवी घातली की प्रश्न कायमचा संपतो, हेही लिहायला हवं होतं. सुरक्षिततेतही आजच्या गाड्या कितीतरी पुढे आहेत, हे मूळ लेखातही मी लिहिलं आहे. ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

कसारा घाटातले पाण्याचे कॅन? ते फियाट आणि ॲम्बेसेडरवाले. वडिलांसोबत दादरच्या शेअर टॅक्सीत मीही त्या घाटात उतरून उभा राहिलेला आहे. पण मी लेख प्रीमियम गाड्यांवर लिहिला होता. पद्मिनीचं उकळलेलं पाणी आणून मर्सिडीजवर ओतू नका. सर्व्हेचं म्हणाल, तर जे. डी. पॉवर या अमेरिकन सर्व्हे कंपनीचा ज्याचा नेहमी दाखला दिला जातो तो डिपेंडेबिलिटी सर्व्हे तीन वर्षांच्या गाड्यांचा असतो, मूळ मालकांना विचारून केलेला. तीन वर्षांची गाडी धड नसेल तर कधी असणार? मी पंधराव्या वर्षाबद्दल बोलतोय, तुम्ही तिसऱ्या वर्षाचा दाखला देताय. आणि टिकलेल्याच गाड्या दिसतात हे तुमचं वाक्य हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं. टिकल्या त्या टिकवता आल्या म्हणून टिकल्या. माझं म्हणणं तेच आहे, तेव्हा यावर वाद कसला घालायचा ते मला समजलेलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, शेवटच्या वाक्यासकट राहू दे. मला फक्त एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. इतकं लिहिलंत, पण तुमची स्वतःची गाडी कुठली, किती वर्षांची, वॉरंटी चालू आहे की संपली, यातलं काहीच लिहिलेलं नाही. ते लिहा. वॉरंटी चालू असेल तर ती संपल्यानंतरचं पहिलं मोठं बिल इथेच टाका, आकड्यासकट. माझ्या डब्ल्यू-१२४ ची बिलं मी जपून ठेवली आहेत, तीही शेजारी लावतो.