फिश टँकला आरओचंच पाणी लागतं, हा गैरसमज

मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: नळाचं पाणी क्लोरीनमुळे माशांना विष असतं, म्हणून टँकमध्ये आरओचं किंवा बाटलीबंद पाणीच भरा. ते जमत नसेल तर बोअरचं किंवा पावसाचं घ्या, ते नैसर्गिक असतं. आणि दर आठवड्याला टँक पूर्ण रिकामा करून नव्याने भरा. नवशिके हे मनापासून पाळतात आणि त्यांचे मासे मरतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

क्लोरीनने कल्ले जळतात, हे खरंच आहे. भारतीय मानकानुसार नळापर्यंत आलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. पावसाळ्यात हे प्रमाण वाढवतातही. पण ते घालवणं सोपं आहे. उघड्या बादलीत एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून पाणी दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब किंवा हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते काही मिनिटांत निकामी करतात. पाण्याला क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, लावत असतील तर मात्र नुसतं ठेवून भागत नाही, कंडिशनर (ते निकामी करणारं औषध) लागतोच. एवढ्यासाठी नळाचं पाणीच बाद करायचं कारण नाही.

आरओबद्दलचा गैरसमज जास्त महागात पडतो. आरओमुळे क्लोरीनबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटही जवळजवळ निघून जातात. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि हे होताना आम्ल तयार होतं. ते आम्ल बायकार्बोनेट शोषून घेतात. तेच नसले तर पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप; तो जितका कमी, तितकं पाणी आम्ल) घसरत जातो आणि जिवाणूंचं कामही मंदावतं. मॉली या माशाला असं पाणी मुळीच सोसत नाही. पंख मिटून ती एकाच जागी अंग डुलवत राहते, पोहल्यासारखी दिसते पण पुढे सरकत नाही. दुकानदार औषध देतो, पण खरं तर तिला क्षार हवे असतात. गप्पी आणि प्लॅटी याच जातकुळीचे. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी मुळातच मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं; ते पुन्हा आरओतून काढण्यात काय हशील? गोल्डफिश-गप्पीसाठी उलट फिल्टरमध्ये कोरल किंवा शिंपल्यांच्या चुऱ्याची पुरचुंडी ठेवावी. आरओ खरोखर लागतं ते डिस्कससारख्या मऊ पाण्याच्या माशांना, तेही पाणी जड (क्षार जास्त) असलेल्या गावात, आणि तेव्हाही क्षार मोजून परत मिसळावे लागतात. बाटलीबंद पाणीही बहुतेक वेळा आरओचंच असतं.

बोअरचं पाणी नैसर्गिक आहे, हे मान्य. पण अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी आणि कोकणातल्या विहिरीचं पाणी एकाच मापाने कसं मोजणार? जमिनीखालून उपसलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो, म्हणून तेही एअर पंप लावून दिवसभर मुरवावं, मगच पीएच मोजावा. ताज्या पाण्याचा आकडा फसवतो. जड पाण्यात मॉली आणि आफ्रिकन सिक्लिड छान राहतात, तेव्हा पाणी बदलण्यापेक्षा मासा त्याला साजेसा निवडा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, आणि ते गच्चीवरची कबुतरांची घाण घेऊन येतं.

राहिला टँक पूर्ण रिकामा करण्याचा सल्ला. माझ्या मते सर्वांत जास्त मासे यानेच मरतात, आणि दोष नळाच्या पाण्यावर जातो. तापमान आणि पीएच एका झटक्यात बदलतात. त्यात फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला की जिवाणू जातात आणि दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो. मासे वर येऊन श्वास घेऊ लागतात. आठवड्याला पाव टँक पाणी बदला, नवं पाणी टँकइतकंच कोमट असू द्या, आणि स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा. नवा टँक असेल तर हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे थोडेच ठेवा आणि अमोनियाची टेस्ट किट जवळ असू द्या.