शाळेने डिव्हाइस आणायला सांगितलंय? मग हे वाचाच

सगळ्यात आधी अभिनंदन. जूनच्या तोंडावर ते सर्क्युलर तुमच्याही हातात पडलं असेलच, की यंदापासून मुलांनी स्वतःचं डिव्हाइस वर्गात आणायचं, टॅब चालेल लॅपटॉप चालेल, फक्त "चांगल्या कंडिशनमध्ये" हवं, आणि खाली बारीक अक्षरात की हरवल्यास, फुटल्यास, भिजल्यास किंवा चोरीला गेल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. सही करून परत पाठवा. आता तुमच्या मनात येईल की मग शाळा नक्की कशाला जबाबदार आहे, तर असले प्रश्न पीटीएच्या मीटिंगमध्ये विचारायचे नसतात, तिथे चहा-बिस्किटं असतात ती घ्यायची, "खूप छान उपक्रम" म्हणायचं आणि निघायचं. नाहीतर पोरगं गॅदरिंगला झाड होतं.

कॉम्प्युटर लॅबचं काय झालं हेही विचारू नका. लॅब आहे. आपल्या वेळी होती तशीच आहे, चपला बाहेर, कॉम्प्युटरवर कापडी कव्हरं आणि दाराला कुलूप. फीच्या पावतीवर "कॉम्प्युटर फी" पण आहे. ती कव्हरं धुवायला लागत असतील.

खरेदीसाठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा सल्ला घ्या. तुम्ही विचारा की "बेसिक कोणतं घेताय?" आणि पाच मिनिटांत कोणाची तरी मम्मी टाकेल "आम्ही आयपॅडच घेतला, साधाच आहे हं, पेन्सिल वेगळी घ्यावी लागली". त्यावर सगळ्यांचे अंगठे. तुम्ही पण अंगठा द्या आणि ईएमआय बघायला घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सेकंड हँड लॅपटॉप मिळतो, पण त्याच्यावर आधीच्या ऑफिसचा स्टिकर असतो आणि तो निघता निघत नाही, मग पोरगं वर्षभर स्टिकरवर हात ठेवून बसतं. जुना फोन दिलात तर हँग होतो, आणि तो बरोबर पोराचा नंबर आल्यावरच हँग होतो.

आता मेन मुद्दा, दप्तराचं ओझं. 2020 च्या केंद्राच्या धोरणात लिहिलंय की दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे 30 किलोच्या पोराला 3 किलो. लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक मिळून दोन किलोच्या आसपास जातात, उरलेल्या एका किलोत डबा, पाण्याची बाटली, रेनकोट आणि शिक्षण बसवायचं. जमतं. ओझं कमी करायचा आपल्याकडे दांडगा अनुभव आहे, 2023 ला पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घातली होती, 2025 मध्ये ती काढूनही टाकली. मुंबई पालिकेनं तर 2015 मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या पोरांना अभ्यासक्रम भरलेले टॅब वाटले होते, तेव्हाही ओझंच कमी करायचं होतं. फक्त त्यात एक गफलत झाली, टॅब पालिकेनं दिले, त्यामुळे बिघडला की लोक पालिकेलाच विचारायचे. नवीन पद्धतीत ती भानगडच नाही. बिघडला की तुम्ही आणि लॅमिंग्टन रोड.

वर्गात काय होतं याची काळजी करू नका, तिथे सगळं आखलेलं असतं. साठ पोरं, एक वायफाय, आणि एक प्लग पॉइंट तोही टीचरच्या टेबलामागे. पहिली दहा मिनिटं पासवर्ड, पुढची दहा "टीचर माझं फिरतंय", मग कोणाचं तरी अपडेट सुरू होतं, कोणाचं स्टोरेज फुल, आणि एखादा हुशार पोरगा स्वतःचा हॉटस्पॉट पाच रुपये पर पिरियड भाड्यानं देतो. यालाच उद्योजकता म्हणतात, त्याचे वेगळे मार्क मिळतील. टीचर पुढे उभ्या असतात, त्यांना फक्त साठ स्क्रीनच्या पाठी दिसतात आणि पाठीकडून प्रत्येक पोरगं अभ्यासूच दिसतं. फळ्यावरचं आता कोणी उतरवत नाही, फोटो काढतात. ते फोटो सुरक्षित आहेत. कोणीही उघडलेले नाहीत.

काही नतद्रष्ट लोक तुम्हाला युनेस्कोचा 2023 चा अहवाल दाखवतील, त्यात म्हटलंय की एकदा लक्ष उडालं की परत धड्यावर यायला 20 मिनिटांपर्यंत लागू शकतात. आपला पिरियड 35 मिनिटांचा. म्हणजे दोन नोटिफिकेशनमध्ये इतिहास संपतो, तोही पोर्शन पूर्ण न करता. फ्रान्सनं 2018 मध्ये कायदा करून शाळेत मोबाईल बंद केले, स्वीडन 2023 पासून परत छापील पुस्तकांवर पैसे खर्च करतंय, पण त्यांचं सोडा हो, त्यांच्याकडे पुस्तकं ठेवायला जागा आहे, आपण वन आरकेवाले.

अजून एक फायदा आहे ज्याबद्दल सर्क्युलरमध्ये शाळा स्वतः काही बोलत नाही, विनय असेल. आपण इतकी वर्षं पोरांना एकसारखे कपडे, एकसारखे बूट घालून पाठवत होतो, केसाच्या रिबिनीचा रंगसुद्धा शाळा ठरवायची, म्हणजे टॉवरमधलं कोण आणि मागच्या चाळीतलं कोण हे कळायलाच मार्ग नव्हता. किती गैरसोय. आता बेंचवर काय ठेवलंय ते बघितलं की एका नजरेत घर, बापाचा पगार आणि काका दुबईला आहे की नाही सगळं कळतं. आरटीईच्या 25 टक्क्यांतून आलेला पोरगा शोधायला आता ऑफिसमधलं रजिस्टर काढावं लागत नाही. फी माफ आहे त्याला, टॅब कसा माफ होतो ते अजून कोणी सांगितलेलं नाही. त्याच्याकडे पप्पांचा फोन असतो, पप्पा सिक्युरिटीला नाईट करतात, दिवसा झोपतात म्हणून फोन मोकळा. ज्याचे पप्पा रिक्षा चालवतात त्याचं जरा अवघड, कारण ॲपवरची भाडी त्याच फोनवर येतात, भूगोलाच्या तासाला "कांजूर स्टेशन, पिकअप" असं वाजतं आणि अख्खा वर्ग हसतो. टीचर चांगल्या आहेत, त्या त्याला ग्रुपमध्ये बसवतात. ग्रुपमध्ये तो चार्ट पेपरचा कोपरा धरतो. लॉकडाऊनमध्ये एका फोनवर तीन भावंडं पाळीपाळीनं शिकली तेव्हा आपल्याला किती वाईट वाटलं होतं, बातम्या फॉरवर्ड केल्या होत्या आपण. तेव्हा नाइलाज होता, आता उपक्रम आहे.

तुमचं पोर दुसऱ्या बाजूला असेल तर तुम्हाला यात करण्यासारखं काही नाही, फक्त महाग कव्हर घ्या.

जाण्यायेण्याचं बघा मात्र. ट्रेननं जात असेल तर बॅग पुढे छातीवर, दादरला धक्का लागला तर आधी टॅब वाचवायचा, हातपाय बसतात नंतर. जुलैत प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, आणि पोरगं हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात अडकलं तर शांत राहून फोन करा, बॅटरी संपलेली असेल, कारण दिवसभर ती शिक्षणाला लागली.

दहावीची चिंता आत्तापासून नको. तिथे सगळं जुनं आहे, बॉलपेन, तीन तास, पुरवणी आणि ती बांधायला दोरा, आणि मोबाईल सापडला तर थेट कॉपी केस. दहा वर्षं बोटानं सरकवलेल्या पोराला तीन तास पेन धरवत नाही, पण त्याचीही सोय झालेली आहे. मे महिन्यात हस्ताक्षर सुधारण्याचे क्लास निघतात, जाहिरात इन्स्टावर येते, फी यूपीआयनं भरायची, आणि ॲडमिशन घेतानाच बजावतात की पोराला फोन देऊन पाठवू नका, आमच्याकडे चालत नाही. सीट लवकर भरतात.