एक जूनचा वाढदिवस आणि आपला डेटाबेस

गावाकडच्या साठीच्या पुढच्या माणसांना जन्मतारीख विचारली की १ जून हे उत्तर फार वेळा येतं. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. सरकारी नोकरीतली कितीतरी माणसं ३१ मे रोजी एकदम निवृत्त होतात, त्याचं कारणही हेच.

ही तारीख फॉर्मवर ०१/०६/१९६८ अशी लिहिली जाते. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये लॉगिनची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल, आणि बहुतेक ठिकाणी ती तशीच राहिलेली असते, तर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, अवतरणात टाकलेली ही तारीख ६ जानेवारी १९६८ म्हणून वाचली जाते. एरर नाही, वॉर्निंग नाही. १३/०६ असती तर तेरावा महिनाच नसल्यामुळे क्वेरी तिथंच आपटली असती आणि कुणीतरी लक्ष घातलं असतं. १ जून मात्र गुपचूप आत जाते. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाची निवृत्ती मग ३१ मे २०२६ ऐवजी ३१ जानेवारी २०२६ला निघते. चार महिन्यांचा पगार गेला, आणि तोही एका तिरक्या रेघेपायी.

तारखेचा फॉरमॅट ही किरकोळ बाब आहे, ती शेवटी बघू, असं म्हणणाऱ्या प्रत्येक टीम लीडला मला हे सांगायचं आहे. फॉरमॅट हा स्क्रीनचा आणि कागदाचा विषय आहे. टेबलमध्ये आणि क्वेरीत त्याला थारा देऊ नका. माणसाला दिवस-महिना-वर्ष असंच दाखवा, कारण आपण तसंच वाचतो. पण स्क्रीनवरून आत येताना तिचं एकदाच, नीट, तारखेच्या टाइपमध्ये रूपांतर करा आणि पुढे क्वेरीला ती पॅरामीटर म्हणून, म्हणजे क्वेरीच्या मजकुरात न मिसळता वेगळं मूल्य म्हणून, द्या. पॅरामीटरमधून जाते तेव्हा ती तारीखच असते, कुणी तिचा अर्थ लावायचा प्रश्नच उरत नाही.

यावर "मग आयएसओ पद्धतीनं वर्ष-महिना-दिवस लिहिलं की झालं" असं उत्तर हमखास येतं. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून आहे आणि चांगलं आहे. पण एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइम टाइपमध्ये तेवढ्यानं भागत नाही. आपल्याकडे दिवस आधी यावा म्हणून कुणी लॉगिनची भाषा ब्रिटिश इंग्रजी करून ठेवतं, आणि मग '१९६८-०६-०१' हे वर्ष-दिवस-महिना असं वाचलं जातं. पुन्हा ६ जानेवारी! २००८ च्या आवृत्तीत आलेले डेट आणि डेटटाइम२ हे टाइप असं करत नाहीत. जुनाच टाइप वापरायचा असेल तर मधल्या रेघा काढून '१९६८०६०१' असं लिहा, ते कुठल्याही भाषेत एकच वाचलं जातं.

ओरॅकल हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी वेगळ्या ठिकाणी बघावं. तिथं वर्षाचे दोनच आकडे दिले आणि फॉरमॅटमध्ये आरआर असेल, तर आजच्या काळात ५० ते ९९ हे आकडे विसाव्या शतकात जातात आणि ०० ते ४९ एकविसाव्या. १९५० साली जन्मलेल्या आजोबांचं वय बरोबर येतं, आणि १९४९ च्या आजींचा जन्म २०४९ मध्ये पडतो. ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेची यादी काढताना त्या आजी यादीत येतच नाहीत. वर्ष चार आकडी घ्या, टू_डेट (मजकुराची तारीख करणारं फंक्शन) देताना फॉरमॅट स्वतः लिहा, सेशनच्या सेटिंगवर सोडू नका.

आता मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट. दूध संस्थेचं उदाहरण घेतो, कारण तिथं दिवसाचा आणि पैशाचा संबंध थेट आहे. पुष्कळ ठिकाणी दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं: १ ते १०, ११ ते २०, आणि २१ पासून महिनाअखेर. संकलन सकाळ-संध्याकाळ. नोंदीच्या रकान्यात तारखेबरोबर वेळही आहे. बिलाची क्वेरी, म्हणजे १ ते १० जूनमधल्या लिटरची बेरीज, बहुतेक जण अशी लिहितात:

सिलेक्ट सम(लिटर) फ्रॉम संकलन व्हेअर नोंद_वेळ बिट्वीन '२०२५-०६-०१' अँड '२०२५-०६-१०'

वाचायला अगदी बरोबर. पण वेळ दिली नाही की १० तारीख म्हणजे १० तारखेची मध्यरात्र, शून्य वाजून शून्य मिनिटं. त्या दिवशी पहाटे घातलेलं दूध त्यानंतरचं, संध्याकाळचंही त्यानंतरचं. दोन्ही बिलातून बाहेर. पुढचं बिल ११ पासून सुरू होतं, म्हणजे तिथंही ते येत नाही. दहा दिवसांच्या वीस वेळांपैकी दोन वेळांचं दूध कुठल्याच बिलात नाही, आणि डेटाबेसमध्ये मात्र एकूण एक नोंद शाबूत. शेतकरी त्याच्या पावत्या घेऊन आला तर त्याचं बरोबर असतं आणि कॉम्प्युटरवाला त्याला "सिस्टीममध्ये एवढंच दिसतंय" म्हणून परत पाठवतो. हा अन्याय आहे, आणि तो क्वेरी लिहिणाऱ्यानं केलेला आहे.

यावरची नेहमीची ठिगळं दोन. एक, शेवटी २३:५९:५९ जोडणं. मग त्या शेवटच्या सेकंदातल्या अपूर्णांकांचं काय? ते धरायला .९९९ लावाल, तर एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइम तो आकडा गोल करून थेट दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीवर नेतो. दुसरं ठिगळ म्हणजे रकान्यालाच डेट() मध्ये, म्हणजे वेळ काढून नुसती तारीख देणाऱ्या फंक्शनमध्ये, गुंडाळणं. उत्तर बरोबर येतं, पण मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) मग उपयोगी पडत नाही आणि टेबल वाढलं की रिपोर्ट रांगायला लागतो. सरळ मार्ग असा: नोंद_वेळ १ जूनच्या बरोबरीची किंवा पुढची, आणि ११ जूनच्या आधीची. सुरुवात धरायची, शेवटाचा दुसरा दिवस वगळायचा. पुढचं बिल ११ पासून धरून २१ च्या आधीपर्यंत. मध्ये फट नाही, दुबार नाही, महिना ३० चा की ३१ चा याची चिंता नाही. आर्थिक वर्षालाही तेच, १ एप्रिलपासून पुढच्या १ एप्रिलच्या आधीपर्यंत.

एवढं करूनही सर्व्हर क्लाउडवर असेल तर आणखी एक खड्डा आहे. तिथलं घड्याळ साधारणपणे यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ११ तारखेला पहाटे ५:२५ ला घातलेलं दूध यूटीसीप्रमाणे १० तारखेच्या रात्री २३:५५ चं. पाठोपाठ उभ्या असलेल्या माणसाचं ५:३५ चं दूध ११ तारखेचं. एकाच रांगेतली दोन माणसं, एकाचं दूध मागच्या बिलात, दुसऱ्याचं पुढच्या. वेळ यूटीसीत साठवा, त्यात काही वाईट नाही, उलट चांगलंच आहे. पण दिवसाची सीमा भारताची धरा: '२०२५-०६-११ ००:००:००+०५:३०', किंवा टाइमझोन म्हणून एशिया/कोलकाता. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भारतीय वेळेसाठी आयएसटी ही तीन अक्षरं लिहून निश्चिंत होऊ नका, मूळ सेटिंगमध्ये ती इस्रायलची वेळ धरली जाते, यूटीसीच्या दोन तास पुढे. साडेतीन तासांचा फरक!

तारीख मजकुराच्या रकान्यात ठेवणाऱ्यांबद्दल थोडक्यात: ते करूच नका. '०१/०७/२०२५' हे '०२/०६/२०२५' च्या आधी लागतं, म्हणजे १ जुलै २ जूनच्या आधी, आणि एवढं पुरेसं आहे.

"क्लार्कलाच शिकवा ना वर्ष आधी लिहायला" हा सल्ला मला पटत नाही. लाखो दाखले, सातबारे, पावत्या दिवस आधी लिहूनच तयार झाल्या आहेत. त्या माणसानं सवय बदलायची नाही, आपण आपलं काम नीट करायचं. तारीख टाकली की खाली महिन्याचं नाव अक्षरात दाखवा, "१ जून १९६८". जानेवारी दिसला तर समोरचा माणूस तिथंच ओरडेल.

तुमच्याकडे एक्सेलमधून भरलेलं जुनं टेबल असेल तर आज एक तपासणी करा. तारखेतला दिवस काढून त्यावर ग्रुप बाय लावा, म्हणजे दिवसानुसार नोंदी मोजा. १ ते १२ या दिवसांच्याच नोंदी दिसत असतील आणि १३ आणि त्यापुढच्या सगळ्या रिकाम्या असतील, तर त्या १ ते १२ वाल्यांचे दिवस-महिने उलटलेले असण्याची दाट शक्यता आहे. मूळ फाइल असेल तर फॉरमॅट सांगून ती पुन्हा भरा. ती नसेल, आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या नोंदी एकत्र मिसळल्या असतील, तर कुठली क्वेरी तुम्हाला ६ जानेवारी आणि १ जून वेगळे करून देणार नाही. रजिस्टर काढून बसावं लागेल.