अधूनमधून गळणारा सर्व्हर

बंद पडलेला सर्व्हर मला आवडतो. तो मेला तर मेला, निदान तोंडावर सांगतो. छळतो तो मधूनच डेटाची चार पॅकेट गाळून पुन्हा काही झालंच नाही असा बसणारा. वरून साजूक, आतून संभावित चोर.

त्याची तक्रारही धड येत नाही. "मघाशी अडकत होतं," एवढंच कानावर येतं. डेटा नीट पोचवण्याची जबाबदारी घेणारं टीसीपी हरवलेलं पॅकेट गुपचूप पुन्हा पाठवतं, त्यामुळे काही तुटत नाही, नुसतं रेंगाळतं. सर्व्हर रूममध्ये जाऊन रॅक उघडून बघावं तर सगळं सुरळीत. "तुम्ही गेलात की चालतं हो!" हे वर कौतुकाने.

माझ्या टेबलावरून रात्रभर पिंग लावून ठेवलं. सर्व्हरला हाका मारून किती उत्तरं येतात ते मोजणारा, माइक मूस यांनी १९८३ साली लिहिलेला हा प्रोग्राम. नाव पाणबुड्या हुडकणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. सकाळी निकाल: पॅकेट लॉस ० टक्के. शेजारच्या टेबलावरून तोच पिंग, तोच सर्व्हर: ४ टक्के. शेजाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याची पॅकेटं मीच खिशात घातली.

बाहेरून जोडणाऱ्या एकाने वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरचा लॉस दाखवणारं एमटीआर चालवलं आणि मधल्या राउटरवर ४० टक्के लॉस दिसताच "सापडलं!" म्हणून फोन केला. पुढचे सगळे टप्पे मात्र कोरडे ठणठणीत. राउटरचं काम पॅकेट पुढे ढकलण्याचं. पिंगला उत्तर तो सवडीने देतो, नाहीतर देतच नाही. हे समजावण्यात अर्धा दिवस गेला. उरलेला अर्धा 'रीस्टार्ट करून बघितलं का?' या प्रश्नात.

सर्व्हरला दोन केबल होत्या, बाँडिंग केलेल्या, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोडणी. एक गेली तर दुसरी आहेच, असा भरवसा. पॅकेटांचा क्रम बिघडू नये म्हणून नेटवर्कचा स्विच दोन्ही टोकांच्या पत्त्यांवरून हिशेब करतो आणि दोघांचं बोलणं एकाच तारेवरून नेतो. माझ्या वाट्याला धडधाकट तार आली, शेजाऱ्याच्या वाट्याला रोगट. तुटली असती तर बाँडिंगने ती बाजूला काढली असती. ही तुटली नव्हती. दिवा हिरवागार लावून बसली होती.

टेबलावरूनच सर्व्हरवर लॉगिन होऊन नेटवर्क कार्डांची आकडेवारी दाखवणारं ईथटूल चालवलं. एका कार्डाचा सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या डेटाचा, आकडा शून्य. दुसऱ्याचा वाढत होता. बिघडलेली फ्रेम, म्हणजे पॅकेट वाहून आणणारं पुडकं, कार्ड मुकाट्याने फेकून देतं, पण हिशेब चोख ठेवतं! सहकाऱ्याला रॅकचं दार उघडायला पाठवलं. आकडा थांबला. "लाव आता." पुन्हा उड्या मारायला लागला. केबल दाराच्या बिजागरीपाशी चेमटत होती, आणि तपासायला दार उघडलं की मोकळी होऊन गुणी बाळासारखी वागत होती. म्हणजे मी गेल्यावर खरंच चालत होतं.

नवी केबल लावली, जुनीचा प्लग कटरने उडवला. सहकारी हळहळला. "अहो, स्पेअरच्या खणात ठेवली असती. चांगली होती, दिवा लागत होता!"