‘समुद्र वाढला तर भिंत बांधू’ म्हणणाऱ्यांना उत्तर

किनाऱ्यावरच्या गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. सिंधुदुर्ग किल्ला साडेतीनशे वर्षं समुद्रात उभा आहे, मग समुद्र वाढला कुठे? ग्लासातला बर्फ वितळला म्हणून पाणी वाढत नाही. वाढ असलीच तर वर्षाला तीन-चार मिलिमीटर, म्हणजे काहीच नाही. त्यातूनही पाणी आलंच तर सरकारने भिंत बांधावी. हॉलंड समुद्रसपाटीखाली जगतंच ना? आणि सगळ्यात शेवटी: गाव मागे हटवण्याच्या आराखड्याबिराखड्याच्या फंदात गावाने पडू नये, तो जमिनी बळकावण्याचा डाव आहे.

या शेवटच्या भीतीत तथ्य आहे, तिच्याकडे मी नंतर येते. बाकी एकही मुद्दा टिकत नाही. तरीही ग्रामसभेत किनाऱ्याचा विषय निघाला की हेच मुद्दे पुढे केले जातात आणि चर्चा तिथेच थांबते, म्हणून हे उत्तर.

बर्फाचं आधी संपवू. ग्लासातला बर्फ पाण्यावर तरंगत असतो, म्हणून तो वितळून पातळी वाढत नाही, हे बरोबर. पण ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाचा बर्फ जमिनीवर बसलेला आहे. तो वितळून समुद्रात येतो ते नवं पाणी असतं. एकट्या ग्रीनलँडवरचा बर्फ पूर्ण वितळला तर जगाचा समुद्र सुमारे 7 मीटर चढेल. शिवाय पाणी तापलं की फुगतं. आजवरच्या वाढीचा मोठा हिस्सा या फुगण्याचाच आहे.

आता किल्ला. सिंधुदुर्ग 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटाच्या खडकावर बांधला गेला. तो उभा आहे हे बांधणाऱ्यांच्या कौशल्याचं आणि खालच्या कातळाचं श्रेय आहे. त्यावरून समुद्राची पातळी कळत नाही. आणि या साडेतीनशे वर्षांतला बराचसा काळ समुद्र जवळजवळ स्थिर होता. जगाची सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटिमीटर वाढली, आणि गेल्या किमान 3000 वर्षांत कुठल्याही शतकात ती इतक्या वेगाने वाढली नव्हती. किल्ल्यापासून थोडं दक्षिणेला गेलं की देवबाग लागतं: एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे किनारा कसा खचतो हे मालवणकरांना सांगायला नको. कातळावरचा पुरावा वाळूवर राहणाऱ्यांच्या उपयोगाचा नाही.

‘वर्षाला तीन-चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही’ हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण आकडा खरा आहे. केंद्र सरकारच्या 2020 च्या हवामान अहवालानुसार उत्तर हिंद महासागराची पातळी 1874 ते 2004 या काळात वर्षाला 1.06 ते 1.75 मिलिमीटर वाढत होती. 1993 ते 2017 मध्ये हा वेग 3.3 मिलिमीटर झाला. म्हणजे वेगच वाढतो आहे, हे पहिलं. दुसरं, गावात पाणी सरासरीने शिरत नाही. ते आषाढ-श्रावणातल्या उधाणाच्या भरतीला, वारा समुद्राकडून असताना, वरून पाऊस कोसळत असताना शिरतं. पायाच उंचावला की त्यावर येणारं प्रत्येक उधाण तेवढं उंच येतं. म्हणूनच जगभरच्या भरतीमापन केंद्रांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी, पूर्वी शंभर वर्षांत एकदा येणारं उधाण 2100 पर्यंत दरवर्षी येऊ लागेल, असा आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, अंदाज आहे.

तिसरी गोष्ट खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून शेती करणाऱ्या, शेतकऱ्याला लगेच पटेल. समुद्र वाढतो तेव्हा फक्त भरती चढत नाही, ओहोटीही चढते. पेण-अलिबागच्या खारभूमीची सगळी व्यवस्था ओहोटीवर चालते. बाहेर मातीचा बांध, बांधात उघडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायचं दार. भरतीला उघडीचं दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने बंद होतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. बाहेरचं पाणी पुरेसं उतरलंच नाही तर दार उघडं राहण्याचा वेळ कमी होतो. भात पाण्याखाली राहतं, बांध आतून भिजत राहतो, आणि एखाद्या उधाणाला बांधात खांड, म्हणजे भगदाड, पडते. खारं पाणी एकदा शेतात फिरलं की पुढची काही वर्षं त्या जमिनीत भात धड येत नाही. हे सगळं होण्यासाठी समुद्राने बांधावरून वाहायची गरजच नाही. बांध पुरेसा उंच आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्या गावाने उघडीची पातळी आणि दार दिवसाचे किती तास उघडं राहतं, हे मोजायला सुरुवात करावी. त्याला फारसा खर्च नाही आणि परवानगीही लागत नाही.

आता भिंत. धूपप्रतिबंधक बंधारा म्हटलं की गावात निवेदन तयार होतं, आमदार नारळ फोडतात, दगड पडतात. काही ठिकाणी त्याला पर्याय नसतो: रस्ता, शाळा किंवा दाट वस्ती लाटेच्या तोंडावर असेल तर भिंत हवीच. पण भिंत वाळू धरून ठेवत नाही. तिच्यावर आपटलेली लाट मागे फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते, पुळण खाली जाते, मग दगड ढासळतात आणि पुन्हा निधी मागावा लागतो. भिंत जिथे संपते तिथे धूप जोर धरते, म्हणजे आपल्या गावाचा त्रास शेजारच्या गावात जातो. शिवाय पुळण गेली की रापण गेली. वाळूवर उभं राहून दोन्ही टोकांनी जाळं ओढायचं तर वाळू हवी. होड्या ओढून ठेवायला जागा हवी, मासळी सुकवायला जागा हवी. घरं वाचली आणि धंदा गेला, तर त्या घरांत राहायचं कशावर? कोकणातल्या पावसात आणखी एक अडचण येते: भिंतीमागे साठणाऱ्या पाण्याला वाट काढून दिली नाही, तर गाव समुद्राआधी पावसानेच बुडतं.

बांधाबाहेरचं कांदळवन, पुळणीमागचे वाळूचे उंचवटे आणि त्यावरच्या मर्यादवेली हेही बंधारेच आहेत. तिवरांमुळे लाटेचा जोर बांधापर्यंत येता येता कमी होतो. इथे शेतकऱ्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे: खांड वेळेत बुजवली नाही की शेतातच तिवरं उगवतात, आणि 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती तोडता येत नाहीत. दुरुस्ती रखडली कोणाची आणि जमीन गेली कोणाची! पण याचा राग कांदळवनावर काढून उपयोग नाही. बांधाची दुरुस्ती पावसाळ्याआधी, ठरलेल्या तारखेला व्हावी, यासाठी भांडायला हवं.

हॉलंडचं उदाहरण देणाऱ्यांनी ते पूर्ण द्यावं. 31 जानेवारी ते 1 फेब्रुवारी 1953 च्या रात्री तिथले बांध फुटले आणि 1836 माणसं गेली. त्यानंतर त्यांनी प्रचंड बांधकामं केली हे खरं, पण पुढे त्यांनीच नद्यांना जागा मोकळी करून देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ओव्हरडीप नावाच्या पोल्डरमध्ये, म्हणजे बांधांनी वेढलेल्या सखल जमिनीत, शेतकऱ्यांनी स्वतः योजना मांडली: बांध खाली करा, पुराचं पाणी येऊ द्या, आम्ही उंचवट्यांवर नवी घरं बांधतो. 2011 मध्ये डच सरकारने किनाऱ्याजवळ सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू टाकली आणि ती पसरवायचं काम लाटांवर सोपवलं. तिथले बांध सांभाळणारी पाणीमंडळं तेराव्या शतकापासूनची आहेत. त्यांच्या वेगळ्या निवडणुका होतात, त्यांचा वेगळा कर असतो. खारेपाटातही 1948 च्या खारभूमी कायद्याआधी गावंच एकत्र येऊन बांध राखत होती. हॉलंडकडून घ्यायचं असेल तर बांधाची मालकी आणि रोजची देखभाल घ्यावी. आपण फक्त काँक्रीट मागतो.

राहिली शेवटची, जमिनी बळकावल्या जाण्याची भीती. ती मी खोटी म्हणणार नाही. 2019 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. धोकारेषा, म्हणजे समुद्राचा धोका कुठवर पोचू शकतो हे दाखवणारी रेषा, नियोजनासाठी वापरा असं तीच अधिसूचना म्हणते, पण बांधकामबंदी त्या रेषेशी जोडत नाही. कोळीवाड्यांचं सीमांकन अजून अनेक ठिकाणी अडलेलं आहे. अशा वेळी ‘गाव मागे घ्या’ म्हटलं की माणसं संशय घेणारच.

ओडिशातल्या सातभायाकडे पाहा. समुद्राने गाव गिळत आणलं, तेव्हा 2018 मध्ये तिथल्या कुटुंबांना बागपटिया इथे वसवलं गेलं. घरांना जागा मिळाली, पण शेती आणि मासेमारी मागे राहिली आणि अनेकांना मजुरीसाठी परराज्यांत जावं लागलं. केरळमध्ये भरतीरेषेपासून 50 मीटरच्या आत राहणाऱ्या कुटुंबांना हलण्यासाठी 10 लाख रुपये देण्याची योजना आहे. त्यात जागा आणि घर दोन्ही बसवायचं आहे.

या उदाहरणांवरून आराखडा नको असं ठरत नाही. घर पडल्यावर, मदतकेंद्रात बसून, समोर येईल त्या कागदावर सही करावी लागणं हा सगळ्यात वाईट सौदा असतो. तोच सौदा दहा वर्षं आधी, स्वतःच्या अटींवर करता येतो. कोळीवाड्याचं सीमांकन आधी व्हावं. नवी घरं, अंगणवाडी, पाण्याच्या टाक्या आजपासूनच उंच जागी बांधाव्यात. जुनी लगेच हलवायची गरज नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरींचा खारटपणा उन्हाळ्यात तपासून नोंदवावा, आणि त्याच वाळूतून हॉटेलांसाठी होणारा उपसा मोजावा. हलावं लागलंच तर वाडी एकत्र हलेल, होड्या आणि जाळी किनाऱ्यावरच राहतील, आणि रिकामी झालेली जमीन मासळी वाळवण्यासाठी व होड्यांसाठी गावाच्याच नावावर राहील, तिथे रिसॉर्ट होणार नाही, एवढं ठरावात लिहून घ्यावं. जमीन बळकावली जाईल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी तर हा ठराव पुढच्या ग्रामसभेत स्वतःच मांडायला हवा.