मालकांचे उत्तर: "गावरान सांगून हायब्रीड दिलं" या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार सर,

आमच्या दुधीच्या बियांबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण "गावरान सांगून हायब्रीड गळ्यात मारलं" हे वाक्य जिव्हारी लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी हातभर लांब दुधी लागले, सोसायटीत वाटले. त्यातलाच एक बियांसाठी ठेवलात आणि यंदा उन्हाळ्यात गोल, बुटके दुधी आले, एक तर कडू निघाला. आता तुम्हीच टाकलेला गेल्या वर्षीचा फोटो मोठा करून बघा. उजवीकडे त्याच जाळीवर शेजाऱ्यांचा वेल चढलाय, त्याला गोल दुधी लटकतोय! दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि किडे-पाखरं पराग घेऊन या वेलावरून त्या वेलावर फिरतात. त्या वर्षीचं फळ आईच्याच वळणावर जातं. बाप कोण, ते आतलं बी पेरल्यावर कळतं. टोमॅटो नाहीतर चवळी असती तर शेजारामुळे एवढं बिघडलं नसतं.

शेजारचा पराग लागू नये म्हणून काय करायचं, तेच बियांच्या पाकिटातल्या चिठ्ठीत आहे. मादी कळी (जिच्यामागे इवलासा दुधी असतो ती) आणि नर कळी, दोन्ही दुपारीच दोऱ्याने बांधायच्या. संध्याकाळी सोडून नराचं फूल मादीवर फिरवायचं, पुन्हा बांधायचं, देठाला खुणेचा दोरा. फळ वेलावरच वाळू द्यायचं, हलवल्यावर बी खुळखुळलं पाहिजे. चिठ्ठी कुणी वाचत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण तारे देण्याआधी एक फोन केला असतात तर?

तुम्हाला दिलेल्या दुधीचंच बी आमच्या मांडवावर आहे, सगळे लांब आहेत. कधीही येऊन बघा. सासूबाईंनी राखेत घोळून जपलेलं बी आहे हे. बियांच्या किमतीवर वाद घालत नाही, पण बियांसाठी फळ राखलं की वेल पुढे फारसा धरत नाही, म्हणून बी महाग पडतं, एवढं लक्षात घ्या.

तो कडू दुधी मात्र खाऊ नका, रस तर मुळीच नको. उलट्या होऊन लोक दवाखान्यात गेलेत.

चिठ्ठीचं अक्षर मोठं करायचं बघतोय. तुम्हाला नवीन बी पाठवते, पैसे नकोत. जमलं तर "हायब्रीड" तेवढं काढा. मृग तोंडावर आलाय आणि लोक आधी तारेच बघतात.